माळावरचं गवत कापू की थांबू? अकरा पक्षी रोज रात्री आत उतरतात

माळावरची
नमस्कार मंडळी. मी बारामतीत राहते, पण सासरची जमीन इंदापूर तालुक्यात, कडबनवाडीच्या बाजूला. त्यातले चार एकर नुसता माळ आहे. वर कुसळी, ओघळीच्या कडेनं पवना आणि मारवेल. सासरे दरवर्षी दिवाळीनंतर गवत कापून घेतात. यंदा त्यांच्या गुडघ्यामुळं राहून गेलं. डिसेंबर संपत आला तरी गवत मांडीइतकं उभं आहे.

गेल्या रविवारी सहाच्या सुमारास आम्ही दोघं बांधावर बसलो होतो. लांब पंखांचा एक राखाडी पक्षी गवताच्या शेंड्यांवरून अगदी खालून आला. पंख वर धरून तरंगत होता. एक गिरकी घेतली आणि गवतात उतरला तो वर आलाच नाही. मग दुसरा आला, तपकिरी, शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा. अंधार पडेपर्यंत मी अकरा मोजले. सासरे म्हणाले, घारी आहेत, उंदरांवर उतरतात. पण घार झाडावर निजते ना? कुणी विष घातलंय की काय, या धास्तीनं मला रात्री झोप लागली नाही. सकाळी साडेसातला गेले तर गवत रिकामं. सोमवारी, मंगळवारी पुन्हा तेच.

हे कोण आहेत? गवत कापायला पुढच्या आठवड्यात माणसं सांगितली आहेत, थांबवू का? आणि मुलगा सहा वर्षांचा आहे, त्याला भिगवणला रोहित दाखवायचेत. आता गेलो तर दिसतील का?

पाणमाळ
ताई, विष नाही, निश्चिंत राहा. हे भोवत्ये, म्हणजे माळावरचे शिकारी पक्षी, आणि तो त्यांचा रातथारा, रात्री निजायची जागा आहे. हे पक्षी झाडावर नाही, गवतात जमिनीवरच निजतात, तेही जमावानं. मध्य आशियाकडून सप्टेंबर-ऑक्टोबरात येतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परततात. गुजरातेत भावनगरजवळच्या वेळावदरला असा रातथारा आहे, जगातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक.

राखाडी तो नर, तपकिरी त्या माद्या आणि पिल्लं. नराच्या पंखावर आडवी काळी रेघ असेल तर माँटेग्यूचा भोवत्या. रेघ नसेल, अंग जवळजवळ पांढरं आणि पंखांच्या टोकाला काळी पाचर असेल तर पांढुरका भोवत्या. माद्या ओळखणं अवघड, तिथं घाई करू नका.

माझं कळकळीचं सांगणं: थांबवा. आणि संध्याकाळी फोटोसाठी आत पाऊल टाकू नका. एकदा उठवले की अंधारात दुसरी जागा शोधत भटकतात, आणि त्या भागात खोकड आणि लांडगा दोन्ही आहेत. नेमकी जागा इथं लिहिली नाहीत हे फार चांगलं केलंत. पुढं कुणी म्हणेल, पडीक आहे, गिरिपुष्पाची झाडं लावा, चर खणा. ऐकू नका. माळ पडीक नसतो.

बिगरपाणी शेतकरी
पाणमाळ दादा, बोलणं सोपं आहे. मार्चपर्यंत ठेवलेल्या कुसळीला शेळीसुद्धा तोंड लावत नाही. चार एकराचा चारा म्हणजे दोन म्हशींचा आधार. ताई, मी तुमच्या जागी असतो तर पक्षी उतरतात तेवढाच तुकडा सोडला असता आणि बाकीचं कापलं असतं. कापणी भर दुपारी करा, तेव्हा ते रानात शिकारीला गेलेले असतात.

नावाडी, कुंभारगाव
ताई, रोहितांसाठी थोडं थांबा. यंदा उजनीत पाणी वरपर्यंत आहे. पाणी ओसरून चिखल उघडा पडला की ते उथळात उतरतात, चोचीनं गाळून खातात. जानेवारीच्या शेवटी या. तोवर पोराला चित्रबलाक, चमच्यासारख्या चोचीचे चमचे आणि डोक्यावर दोन काळ्या पट्ट्यांचे पट्टकदंब दाखवू. सकाळी सूर्य वर यायच्या आत नावेत बसायचं. पोराला कानटोपी घाला, पाण्यावर गारठा असतो.

माळावरची
सगळ्यांचे मनापासून आभार. काल सकाळी दहाला, सगळे उडून गेल्यावर, सासरे आणि मी कडेकडेनं गेलो. गवत जागोजागी ताटाएवढं दबलेलं होतं, भोवती पांढरी शीट. एका ठिकाणी अंगठ्याएवढी वाळकी गोळी पडली होती, पक्ष्यानं न पचलेलं ओकून टाकलेली. सासऱ्यांनी ती तळहातावर घेऊन नखानं फोडली. आत नाकतोड्यांचे पाय, करवतीसारखे काटे जसेच्या तसे, आणि पिंगट चकाकणारी टरफलं. उंदराचं एक हाडही नाही. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "हरभऱ्यावर येतात तेच किडे की हे."

माणसांना फोन त्यांनीच केला. ओघळीकडचं अडीच एकर कापायचं, पवना-मारवेल तिथंच आहे, म्हशींना तेच हवं. वरचं दीड एकर एप्रिलपर्यंत उभं. बिगरपाणी दादा, तुमचंच ऐकलं.

संध्याकाळी बांधावरून पाहिलं. नराच्या पंखावर काळी रेघ स्पष्ट दिसली. काल तेरा उतरले. नावाडी दादा, पाणी ओसरलं की इथंच कळवा, आम्ही आदल्या रात्री मुक्कामाला येऊ.