रानडुकरांसाठी दुनळी घ्यावी की पाच शॉटची पंप?

देवरुखकडचा
नमस्कार मंडळी, जाणकारांनी जरा मार्गदर्शन करा. आमची संगमेश्वर तालुक्यात भातशेती, थोडी काजू आणि सुरण. वडिलांच्या नावावर शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक आहे, ती आजोबांपासूनची. गेल्या सप्टेंबरात भात पोटरीला आलेलं, वनखात्याची परवानगी हातात होती, मी आणि वडील खोपटीत राखणीला. रात्री दीडला कळप आला, बॅटरी मारली तर नर वीस पावलांवर आडवा उभा, वडिलांनी चाप ओढला आणि नुसती केप वाजली, फट्ट करून, बार निघालाच नाही. दिवसभरच्या झडीने दारू सर्द झालेली. परत ठासेपर्यंत डुकरं पऱ्या ओलांडून गेली आणि तीन दिवसांनी येऊन चार गुंठे लोळवून गेली. वडील त्या रात्री काही बोलले नाहीत, पण मला फार लागलं ते.

आता काडतुसाची १२ बोअर बंदूक घ्यायचं ठरवलंय. चुलतभाऊ म्हणतो पंप अॅक्शन घे, पुढचा दांडा मागेपुढे केला की नवं काडतूस चढतं, पाच काडतुसं भरून ठेवायची, दोन बारात काय होणार. दुसरा म्हणतो .३१५ रायफल घे. तुम्ही काय वापरता? किती बार लागतात खरंच?

कुडाळकर
गेली तीस-बत्तीस वर्षं दुनळी वापरतोय. रायफल आधी डोक्यातून काढा. .३१५ मध्ये पाच गोळ्या बसतात, मारा जबरदस्त आहे, पण ती गोळी डुकरात थांबली नाही तर पुढे किती लांब जाईल याचा भरवसा नाही. आपल्याकडे वाडीला लागून वाडी आणि सगळा कातळ, कातळाला घासून गोळी कुठे वळेल ते कोणाच्याच हातात नसतं. गुळगुळीत नळीची बंदूक आणि एलजी, म्हणजे मोठ्या छर्र्यांचं काडतूस, पंचवीस-तीस पावलांच्या आत, बस. त्यापुढे मारूच नका, छर्रे पसरतात, जनावर जखमी होऊन जातं आणि चार दिवस कुठेतरी कुजत मरतं, ते पाप आपल्या माथी.

आता बारांचं. माझ्या इतक्या वर्षांत तिसरा बार लागला असं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं झालंय. पहिला नीट बसला पाहिजे, दुसरा जखमी जनावर संपवायला. नराच्या खांद्यावर जाड चिवट कवच असतं, तिथे लांबून छर्रे मारून उपयोग नाही, आडवा उभा राहील तोवर थांबायचं आणि पुढच्या पायाच्या लगत मागे, छातीचे उभे तीन भाग धरले तर सगळ्यात खालच्या भागात धरायचं, काळीज खाली असतं त्याचं. आणि दुनळीचा एक फायदा कोणी सांगत नाही, दोन चाप असतात, डाव्या नळीला चोक, म्हणजे तोंडाशी आवळ, जास्त असतो, त्यातून छर्रे कमी पसरतात, म्हणजे जनावर लांब का जवळ ते बघून नळी निवडता येते. पंपमध्ये नळी एकच.

अजून एक. कागदी काडतुसं कोणाकडे जुनी पडून असतील तर ती पावसाळ्यात फुगतात. दुनळीत फुगलेलं काडतूस भरतानाच हाताला कळतं, पंपमध्ये ते मधेच अडकतं आणि अंधारात तुम्ही बसता खटपट करत. प्लास्टिकचीच घ्या.

वर्धेकर शेतकरी
कुडाळकर काका, तुमचं कोकणासाठी बरोबर असेल पण आमच्याकडे सपाट रान आहे. सोयाबीनमध्ये वीस-पंचवीसचा कळप घुसतो, दोन बार काढेपर्यंत बाकीचे तुरीत. आमच्या गावात एकाकडे पंप आहे, त्याने एका रात्री तीन पाडले, परवानगी घेऊन. मला तरी पाच शॉट कामाचे वाटतात. बाकी मी स्वतः आता सौर कुंपणावर आलोय, रात्र रात्र जागून दुसऱ्या दिवशी फवारणी होत नाही हो.

कुडाळकर
तीन पाडले हे चांगलंच, मी नाही म्हणत नाही. पण बंदुकीत पाच आहेत म्हटल्यावर माणूस पळत्या कळपावर घालत सुटतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आमच्याकडे हाक्यात, म्हणजे माणसं लावून रान उठवताना, माणसं मेलीत, झुडूप हललं म्हणून बार काढला आणि पलीकडे हाकाऱ्यातलाच माणूस. त्याच्या घरी निरोप घेऊन जाणाऱ्यांत मी होतो. म्हणून हाका बंदच केला आम्ही, खोपटीत नाहीतर मचाणावर बसायचं, सगळ्यांनी एकाच बाजूला, बार खाली जमिनीकडे जाईल असा. जनावर पूर्ण दिसल्याशिवाय चापावर बोट नाही.

टेक्सासवासी
मूळ राजापूरचा, आता ऑस्टिनजवळ. इथली डुकरं आपल्यासारखी मूळची रानटी नाहीत, स्पॅनिश लोकांनी आणलेली पाळीव डुकरं सुटून रानात वाढली, नंतर युरोपातले रानडुक्कर सोडले त्यांच्याशी संकर झाला. २०१९ पासून खासगी जमिनीवर मालकाची परवानगी असेल तर डुकरांसाठी शिकारीचं लायसन्सही लागत नाही, हंगाम नाही, संख्येची मर्यादा नाही, हेलिकॉप्टरमधून मारायलाही २०११ पासून कायद्याने मोकळीक. त्यामुळे इथे सेमी-ऑटो, म्हणजे प्रत्येक बारानंतर पुढची गोळी आपोआप भरणारी रायफल, वीस-तीस गोळ्यांचं मॅगझिन, वर थर्मल दुर्बीण असं सर्रास. मित्राच्या रँचवर मीही गेलोय. खरं सांगतो, वीस गोळ्या असूनही पहिल्या दोन-तीन सेकंदांत जे पडतं तेच पडतं, बाकी कळप गवतात गायब, आणि वाचलेली मादी पुन्हा त्या जागेवर सहज येत नाही. रँचवाल्याने शेवटी मोठा पिंजरा लावला, आठवडाभर मका टाकून कळपाला सवय लावली आणि सगळाच्या सगळा एकदम कोंडला. बंदूक नंतर उरलेल्या एकट्या-दुकट्यासाठी. भारतात सेमी-ऑटो रायफल तुम्हाला सहजासहजी मिळणारही नाही, आणि मला नाही वाटत त्यावाचून तुमचं काही अडेल.

कागदपत्रवाला
बंदुकीइतकंच कागदाचं बघा. रानडुक्कर वन्यजीव कायद्याखाली येतं, महाराष्ट्रात ते उपद्रवी म्हणून जाहीर केलेलं नाही. शेतीसंरक्षणाचा परवाना म्हणजे डुक्कर मारायची परवानगी नव्हे, ती वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडून वेगळी घ्यायची, लेखी. मारलेलं जनावर सरकारी मालमत्ता, लगेच कळवायचं, पंचनामा होतो. मटण वाटून खाल्लं की पीक वाचवणारा शेतकरी त्याच दिवशी आरोपी. आणि काडतुसं एका वेळी किती बाळगायची, वर्षात किती घ्यायची ते परवान्यावर लिहिलेलं असतं, त्यामुळे पाच शॉटची असली तरी सढळ हाताने उडवायला काडतुसं आणणार कुठून. निवडणूक आली की बंदूक पोलिस ठाण्यात जमा करायला सांगतात, ते दिवस नेमके पिकाचे असले तर आधीच लेखी अर्ज देऊन ठेवा.

तारांत करंट सोडणं आणि गावठी बॉम्ब यांच्या वाटेला कोणी जाऊ नका, त्यात डुकरापेक्षा गुरं आणि माणसं जास्त जातात.

देवरुखकडचा
सगळ्यांचे मनापासून आभार, वडिलांना वाचून दाखवलं. दुनळीच घेतो. एलजी आणि प्लास्टिकची काडतुसं लक्षात ठेवली, आणि खोपटी बांधाच्या वरच्या अंगाला हलवतोय म्हणजे बार उताराला खाली जाईल. एकच राहिलं, वडील ७४ चे आहेत, ठासणीची आता जमा करावी लागेल का? त्यांचा जीव आहे तिच्यात.

कागदपत्रवाला
नाही. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोन शस्त्रं ठेवता येतात. वडिलांचं वय सत्तरीच्या पुढे आहे, त्यामुळे ती वारस म्हणून तुमच्या नावावर करून घ्यायचा अर्ज आत्ताच देता येतो, बाकीच्या वारसांचं ना-हरकत जोडा. दुनळीचा अर्ज त्याच फेरीत टाका.

कुडाळकर
आणि ठासणीची घरात भरून ठेवू नका कधी.