टिग्रे २०२१: मेकेले परत घेतल्यावर थांबायला हवं होतं का?

टांगेवाला
इथिओपियातलं यादवी युद्ध आपल्याकडे फारसं कुणी वाचलं नाही, म्हणून हा काथ्याकूट. नोव्हेंबर २०२० मध्ये टीपीएलएफने (टिग्रे या उत्तरेकडच्या प्रांतात सत्तेवर असलेला पक्ष) टिग्रेतल्या लष्करी तळांवर हल्ले केले, पंतप्रधान अबी अहमद यांनी फौजा घातल्या आणि महिन्याभरात टिग्रेची राजधानी मेकेले पडली. बंडखोर डोंगरात गेले, जून २०२१ मध्ये 'ऑपरेशन अलुला' काढलं आणि २८ जूनला मेकेले परत घेतलं. इथवर कौतुकच. पण गडी थांबेनात! शेजारच्या अम्हारा आणि अफार प्रांतांत घुसले, अम्हारातलं लालिबेला घेतलं, ऑक्टोबरअखेर देसी, लगोलग कोंबोल्चा ही शहरं. देशाची राजधानी अदिस अबाबा २०० किलोमीटरच्या आसपास राहिलं, आणि डिसेंबरात सगळं सोडून माघारी. माझ्या मते मेकेलेनंतरची मुसंडी ही घोडचूक होती.

कोरा कागद
साफ असहमत. थांबून खायचं काय? सरकारने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली खरी, पण टिग्रेत वीज, फोन, बँका सगळं बंद, चहूबाजूंनी वेढा. संयुक्त राष्ट्रांच्या हिशेबाने मदतीचे रोज १०० ट्रक लागत होते, येत होते त्याच्या कितीतरी कमी. ३० सप्टेंबरला तर सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या ७ अधिकाऱ्यांनाच देशाबाहेर काढलं.

टांगेवाला
वेढाच फोडायचा होता तर पश्चिमेला हुमेरा होतं, पलीकडे सुदान. रसद तिकडून आली असती. दक्षिणेला जाणं म्हणजे अबींना खाली खेचायचा डाव होता, भुकेचा त्याच्याशी संबंध कमी.

कोरा कागद
पश्चिमेला अम्हारा फौजा आणि सरकारच्या बाजूने लढणारे शेजारच्या एरिट्रिया देशाचे सैनिक ठाण मांडून होते. तिथे डोकं कोण आपटणार? उलट जिबूतीच्या रस्त्यावरून देशाचा ९० टक्क्यांहून जास्त व्यापार चालतो. त्या रस्त्यावरचं अफारमधलं मिल्ले हाती लागलं असतं तर अबींना झक मारत बोलणी करावी लागली असती.

चकवा
लागलं असतं, पण लागलं नाही ना. अफारच्या लढवय्यांनी मिल्लेच्या अलीकडेच रोखून धरलं. जूनमध्ये जमलं ते मुलूख आपला होता म्हणून. अम्हारात शिरल्यावर गावंच्या गावं विरोधात, फानोसारख्या अम्हारा लढवय्यांच्या टोळ्यांना तरुण आपणहून जाऊन मिळायला लागले. मागे डोंगरातून गेलेला लांबच लांब रस्ता, आणि वरून ड्रोन: तुर्की, चिनी, इराणी. अशा रस्त्यावर ट्रक लपवायचा कुठे? आता कुणीतरी पानिपत काढणारच, म्हणून आधीच सांगतो: भाऊंची परतीची वाट अब्दालीने तोडली होती, यांची शाबूत होती. त्यामुळे ती तुलना नको.

बारामाही
तुम्ही सगळे नकाशावर लढताय. अम्हारातल्या निफास मेवचात काय झालं ते लिहा की. ऑगस्ट २०२१ मध्ये टीपीएलएफचे सैनिक त्या गावात होते. नंतर १६ बायकांनी ॲम्नेस्टी या मानवाधिकार संघटनेला सांगितलं की या सैनिकांनी आमच्यावर बलात्कार केले. अम्हारातल्याच चेन्ना आणि कोबोत नि:शस्त्र गावकरी मारले. वेढ्यात होते म्हणून हे चालतं?

कोरा कागद
मुळीच चालत नाही. पण टिग्रेतल्या अक्सुममध्ये एरिट्रियाच्या सैनिकांनी शेकडो लोक मारले ते नोव्हेंबर २०२० मध्ये, म्हणजे या मुसंडीच्या कितीतरी आधी.

बारामाही
अक्सुमचा हिशेब निफास मेवचाच्या बायकांकडून वसूल करायचा का? चढाई केली नसती तर सैनिक त्या गावात पोचलेच नसते, एवढंच म्हणतेय.

कोरा कागद
बरं, मग माघार घेऊन काय पदरात पडलं? जानेवारी २०२२ मध्ये मेकेलेच्या आयडर रुग्णालयातले डॉक्टर हातमोजे धुऊन पुन्हा वापरत होते. बंडखोर परत गेले तरी रस्त्याने मदतीचा ताफा आला तो थेट एप्रिलमध्ये!

टांगेवाला
आला तो मार्चअखेरच्या युद्धविरामामुळे, म्हणजे बोलण्यांमुळेच. ऑगस्टात पुन्हा भडका, आणि २ नोव्हेंबर २०२२ ला दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाच्या करारात टीपीएलएफने शस्त्रं खाली ठेवायचं कबूल केलं, तेही पश्चिम टिग्रे हातात नसताना. जुलै २०२१ मध्ये जिंकलेले होते, तेव्हा बोलणीला बसले असते तर याहून वाईट सौदा झाला असता?

चकवा
लढाईबद्दल मी तुमच्या बाजूने, पण हे पटत नाही. मे २०२१ मध्येच संसदेने टीपीएलएफला दहशतवादी ठरवलं होतं. जुलैच्या सुरुवातीला टीपीएलएफने युद्धबंदीसाठी अटी जाहीर केल्याच होत्या, सरकारने जुमानलं नाही. तेव्हा अबी बोलायला कशाच्या दबावाने आले असते, ते सांगा.