मदत हवी आहे : स्नायपर रायफलला अजूनही हाताने ओढायचा बोल्टच का?

तापीकाठचा :
मंडळी, भुसावळजवळच्या आमच्या गावातल्या वाचनालयात एनसीसीच्या पोरांपुढे स्नायपर रायफलींवर बोलायचं कबूल करून बसलोय. वाचन बरंच झालंय, दोन ठिकाणी अडलंय. (बोल्ट म्हणजे काडतूस आत सारणारा आणि रिकामी पुंगळी बाहेर काढणारा दांडा.)

मामा फौजेतून निवृत्त, ड्रॅगुनोव्ह ही बोल्ट न ओढता पुढची गोळी आपोआप भरणारी सोव्हिएत स्नायपर रायफल चालवलेले. परवा शेतात भरीत पार्टीला विषय काढला तर म्हणाले, "भो, गोळीमागून गोळी सुटते ना, मग बोल्ट कशाला ओढत बसायचा?" चुलतभाऊ वरणगावच्या फॅक्टरीत आहे, तिथे काडतुसं बनतात. तो म्हणे, बंदूक कोणतीही असो, खरी करामत काडतुसाची. कळण्याच्या पुऱ्या गार झाल्या, वाद मिटला नाही.

ड्रॅगुनोव्ह सोव्हिएत फौजेत १९६३ सालीच आली. तरी आपल्या उत्तर कमांडला २०१९ मध्ये मिळालेल्या बेरेटा स्कॉर्पिओ टीजीटी आणि बॅरेट एम९५ दोन्ही बोल्टच्याच. का?

दुसरं, ब्रिटिशांची एल४२ए१ आणि आपली इशापूर २ए, दोन्ही ७.६२ मिमीच्या ली-एनफिल्ड, म्हणजे ब्रिटिशांच्या जुन्या बोल्टवाल्या रायफलीच्या घराण्यातल्या. दोन्ही एकाच रायफलीपासून निघाल्या का? यूट्यूबवर तसं ठोकून सांगतात. लिंका नकोत, समजावून सांगा.

सातपुड्याचा पायथा :
मामांचंही बरोबर आहे, पण ड्रॅगुनोव्हचं काम वेगळं. ती तुकडीबरोबर राहून भराभर टिपणाऱ्यासाठी. तिच्या बॅरलमधून (नळीतून) थोडा गॅस वळवून पिस्टन ढकलला जातो आणि तोच बोल्ट मागे नेतो. बोल्ट-ॲक्शनमध्ये बॅरलला असलं काही जोडलेलं नसतं, त्यामुळे दर गोळीला ते जवळपास सारखंच थरथरतं आणि नेम टिकतो. शिवाय रिकामी पुंगळी आपण काढू तेव्हाच बाहेर पडते, उन्हात चमकत उडत नाही.

भावालाही अर्धे मार्क द्या. ड्रॅगुनोव्हचं काडतूस ७.६२×५४, स्कॉर्पिओचं .३३८ लापुआ मॅग्नम म्हणजे ८.६×७०. लांबवर वेग आणि जोर टिकतो तो याच्यामुळे.

जुना_नेमबाज :
यूट्यूबवाल्यांचं सोडा. इशापूर २ए निघाली जुन्या ली-एनफिल्ड नं. १ मार्क ३ वरून, १९६२च्या युद्धानंतर, जास्त मजबूत पोलाद वापरून. ती साध्या शिपायाची रायफल. एल४२ए१ मात्र नं. ४ (टी) वरून, म्हणजे नंतरच्या ली-एनफिल्ड नं. ४ च्या स्नायपर रूपावरून. कारखान्यात नेम अचूक निघालेल्या नं. ४ वेगळ्या काढायच्या, मग हॉलंड अँड हॉलंड या बंदूक कंपनीकडे त्यांच्यावर दुर्बीण आणि दस्त्यावर गाल टेकायला लाकडी ठोकळा बसायचा. १९७०च्या सुमारास त्याच थ्री-नॉट-थ्री (.३०३) काडतुसाच्या नं. ४ (टी) रायफलींना ७.६२चं जाड बॅरल दिलं आणि बॅरलला लाकूड टेकू नये म्हणून पुढचं लाकूड आखूड केलं. दुर्बीणसुद्धा जुनीच, फक्त अंतराच्या खुणा नव्या. काटकसर म्हणा, पण १९८२च्या फॉकलंड युद्धात तीच होती.

पोरांना ब्रिटिशांची पुढची स्नायपर रायफल एल९६ नक्की सांगा. पावसाळ्यात दार फुगून चौकटीत अडकतं, तसंच लाकडी दस्त्याचं होतं आणि नेम सरकतो. म्हणून तिची ॲक्शन (बोल्ट ज्यात सरकतो तो मधला भाग) ॲल्युमिनियमच्या सांगाड्यावर चिकटवून स्क्रूने आवळली, प्लास्टिकचा दस्ता फक्त हात धरायला. ती घडवणाऱ्यांत माल्कम कूपर होता, १९८४ आणि १९८८ ऑलिंपिकचा सुवर्णपदकवाला नेमबाज. वापरणाऱ्याने बनवलेली वस्तू वेगळीच असते.

तापीकाठचा :
दोघांचे आभार, मामांना वाचून दाखवतो. आता त्या सांगाड्याचं उघडं चित्र कुणाकडे असेल तर टाका. वाचनालयाचा प्रोजेक्टर चांगला आहे, वीज राहिली म्हणजे झालं.