तिमाही अंदाजावर कांद्याची काढणी?

"यंदा हवामान खात्याने एप्रिल-जूनला कडक ऊन सांगितलंय, कांदा मेअखेर काढला तरी चालेल" असं कुणीतरी लिहिलंय. अहो, २०२५ आठवा! तेव्हाही उष्णतेच्या लाटा सरासरीपेक्षा जास्त सांगितल्या होत्या. प्रत्यक्षात मेमध्ये वळवाने झोडपलं आणि २६ मेला मान्सून मुंबईत हजर. काढून ठेवलेला कांदा शेतातच सडला.

तिमाही अंदाज ही अख्ख्या तीन महिन्यांची, मोठ्या भागाची शक्यता. तुमच्या शिवारात कुठल्या दुपारी वळीव कोसळेल हे त्यात नसतंच, त्याची शक्यता फार तर चार-पाच दिवस आधी कळते. निम्म्या कांद्यांच्या माना पडल्या, म्हणजे पात बुडाशी वाकून आडवी झाली, की काढणीला लागा. आणि ताडपत्री आत्ताच आणून ठेवा, आभाळ भरून आलं की दुकानदार तोंडाला येईल तो भाव सांगतो.