मित्राची स्पिटफायर बऱ्याच वर्षांनी सुरू करायची आहे, सेल मारण्याआधी काय तपासू?

एरंडवणेकर
प्रभात रोडला एका बंगल्यामागच्या शेडमध्ये माझ्या मित्राची ट्रायम्फ स्पिटफायर, म्हणजे जुनी दोन सीटांची ब्रिटिश स्पोर्ट्स कार, उभी आहे. मार्क २, ११४७ सीसी, दोन एसयू कार्ब्युरेटर. तो गेल्या वर्षी गेला, पण गाडी त्याच्या कितीतरी आधीपासून बंद होती. गुडघ्यांमुळे त्याला त्या खोल सीटवर बसणं जमेना, आणि दुसऱ्या कुणाच्या हाती त्याने ती कधी दिली नाही. वहिनी म्हणतात, "विकायची की ठेवायची ते नंतर बघू, आधी तिचा आवाज एकदा ऐकू दे." मी त्यांना शब्द दिलाय.

ताडपत्रीखाली पत्रा वरून बरा दिसतो, पण दाराखालच्या सिलला बोट लावलं की पापुद्रे निघतात. क्लच दाबला की वर येत नाही, ब्रेक पेडल हलतच नाही. टाकीत जुनं पेट्रोल तसंच आहे. त्याची वही मात्र सापडली. कुठला पार्ट कुठून आणला, कधी बसवला, सगळं पेन्सिलीने लिहिलंय. गॅरेजवाले म्हणतात नवी बॅटरी लावून सेल मारून बघू. माझं मन धजत नाही.

जुनी_हेरल्ड
सेल अजिबात मारू नका. बॅटरीचं म्हणाल तर मार्क २ ला कारखान्यातून पॉझिटिव्ह अर्थ यायचा, म्हणजे प्लसचं टोक बॉडीला. मार्क ३ पासून ते उलट झालं. मित्राने मध्ये बदल केला होता का, ते वहीत बघा.

चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल-डिझेल सोडा आणि आठवडाभर हात लावू नका. मग प्लग बाहेरच ठेवून इंजिनाच्या पुढच्या पुलीच्या बोल्टला पाना लावून हळू फिरवा. अडलं तर जोर नको, परत ऑइल, परत थांबा. फिरू लागलं की पुली पुढे-मागे ढकलून बघा. या इंजिनात क्रँकचे थ्रस्ट वॉशर (क्रँकला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या चकत्या) झिजून संपमध्ये, म्हणजे तळाच्या ऑइलच्या भांड्यात, पडतात आणि मग क्रँक ब्लॉकलाच खातो. खेळ हाताला स्पष्ट जाणवला तर संप उघडल्याशिवाय सुरू करू नका.

टाकी उतरवून धुवा. पंपाचा डायफ्राम आणि सगळे रबरी पाइप नवे, इथेनॉल चालणारे घ्या. आताच्या ई-२० (वीस टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलपुढे जुनं रबर टिकत नाही.

नाना_पेठेचा_वारकरी
पार्टची फार काळजी नको. मद्रासच्या स्टँडर्डने १९६१ पासून हेरल्ड बनवली, आणि स्पिटफायर त्याच घराण्यातली. दोन्हींचं डिझाइन इटालियन डिझायनर मिकेलोत्तीचं, पुढच्या सस्पेन्शनचे बरेच भाग सारखे. नाना पेठेत हेरल्डचा म्हणून माल विचारा, स्पिटफायर म्हटलं की भाव वाढतो. फक्त पुढचे डिस्क ब्रेक आपल्या हेरल्डला नव्हते, त्यांच्या कॅलिपरची रबरं बाहेरून मागवावी लागतील. खालच्या ट्रनियनमध्ये (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या सांध्यात) ९० नंबरचं गिअर ऑइल घाला, ग्रीस नको. ग्रीस आतल्या आट्यांपर्यंत पोचत नाही, गंज धरतो आणि वळणावर चाक मोडून पडतं.

सिल कापायला डेंटरकडे देण्याआधी दाराच्या चौकटीत आडवा आधार वेल्ड करून घ्या. हेरल्डला सिलचा आधार नसतो, स्पिटफायरला असतो. नाहीतर गाडी मधोमध वाकते आणि दारं परत बसत नाहीत.

संगम_पूल
काका, कागदांचंही बघा. मालक वारल्यावर वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ लागतो, त्याला तीन महिन्यांची मुदत असते. ती गेली असेल तर आरटीओत आत्ताच भेटा. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेल्या गाड्यांसाठी २०२१ च्या नियमांनी वेगळी व्हिंटेज नोंदणी आहे. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंबरात 'व्हीए'. मग रोजच्या वापराला गाडी काढता येत नाही. चेसिस, बॉडी, इंजिन मूळचंच हवं, म्हणून इंजिन बदलण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

एरंडवणेकर
सगळ्यांचे मनापासून आभार. वही काढली. पॉझिटिव्ह अर्थ त्याने मुद्दाम तसाच ठेवलाय, पानावर दोनदा अधोरेखित आहे. गॅरेजचं ऐकून बॅटरी उलटी लागली असती तर वाट लागली असती. पुढचे ट्रनियन हेरल्डचे आहेत, त्याने स्वतः बसवलेले, ते आहेत तसेच ठेवणार. पेंटही आत्ता नाही. वहिनींना आवाज ऐकायचाय, चकाकी नाही.

शनिवारी प्लग काढतो, सोमवारी वहिनींना घेऊन आरटीओत जातो. डिस्कच्या कॅलिपरची रबरं कुणी इंग्लंडहून मागवत असेल तर माझाही एक सेट धरा.