निवेदक म्हणजे लेखकच ना?

प्रश्न (वाचनवेडी): आमच्या वाचनगटात भालचंद्र नेमाडेंच्या 'कोसला' कादंबरीवर बोलताना मी सारखं "नेमाडे म्हणतात" असं म्हणत होते. एका ताईंनी थांबवलं, "नेमाडे नाही, पांडुरंग म्हणतो." कादंबरी तर 'मी'मध्येच आहे. मग फरक काय?

उत्तर (जुना वाचक): ताईंचं बरोबर आहे. सांगणारा तो निवेदक, आणि तो लेखकाने घडवलेला असतो. 1963च्या या कादंबरीत 'उदाहरणार्थ', 'वगैरे' हे शब्द सारखे येतात ना? ती पांडुरंग सांगवीकरची बोलण्याची लकब. दुखरी गोष्ट आली की तो त्यांच्याआड लपतो, असं मला वाटतं. धाकटी बहीण मनी जाते तो भाग पुन्हा वाचा, सावकाश. मला अजून एका बैठकीत वाचवत नाही.

उत्तर (सातारकर): विश्राम बेडेकरांची 'रणांगण' कादंबरीही घ्या, 1939ची. तिथे 'मी' म्हणजे चक्रधर. त्याला बोटीवर भेटलेल्या हॅर्टाबद्दल आपल्याला कळतं ते बहुतेक त्याच्याच नजरेतून, म्हणून तो काय टाळतो तेही बघायचं.

वाचनवेडी: मनीचा भाग आत्ताच परत वाचला. शनिवारी गटात तोच वाचून दाखवते.