कूलंटची गळती आणि टेंपरेचर सेन्सर: तुमचे अनुभव लिहा

घाटवेडा:
काल सोसायटीच्या पार्किंगमध्ये तो गरम कूलंटचा गोडसर वास आला आणि थेट कशेडी घाट आठवला. गणपतीची गर्दी, बाबांची जुनी डिझेल गाडी, मागच्या सीटवर आजी आणि मोदकांच्या सारणाचा डबा. चढावर तापमानाचा काटा वर, थांबलो की खाली. रेडिएटर बदलला, होस (रबरी पाइप) बदलले, तरी कूलंटची बाटली रिकामीच. शेवटी पोलादपूरच्या एका मिस्त्रीने थर्मोस्टॅट हाउसिंगवर, म्हणजे टेंपरेचर सेन्सर बसतो त्या इंजिनावरच्या डबीवर, बॅटरी मारली. सेन्सरच्या बुडाशी हिरवट पांढरा थर! तांब्याचा वॉशर पार चपटा झालेला. एवढ्याशा चकतीपायी बाबा आणि रेडिएटरवाला अजून बोलत नाहीत. तुमचेही किस्से येऊ द्यात.

पाना_नं_१९:
तो थर म्हणजेच पुरावा. कूलंट गरम इंजिनवर वाळतं, खाली थेंब पडतच नाही, म्हणून लोक होस बदलत बसतात. घरी करणार असाल तर इंजिन पूर्ण थंड हवं, गरम असताना झाकणाला हात लावू नका. खाली परात ठेवा, सेन्सर निघाला की कूलंट येणारच. वॉशर किंवा ओ रिंग (रबराची गोल कडी) नवीनच घाला. आणि पान्यावर जोर नको, ॲल्युमिनियमचे आटे गेले की खर्च वाढला. प्लास्टिकच्या हाउसिंगला तर तडाच जातो.

कोल्हापुरी_रस्सा:
परात?? घरातली परात नेली तर आमच्याकडे इंजिनाआधी दुसरंच कुणीतरी तापेल 😂

सई_ठाणे:
पोळ्या करता करता लिहितेय. भावाने सेन्सरला टेफलॉन टेप गुंडाळलीय. गळती थांबली पण काटा हलतच नाही.

पाना_नं_१९:
ताई, वायर एकच आहे का? तसला सेन्सर आट्यांमधूनच अर्थिंग घेतो, म्हणजे विजेची दुसरी जोडणी इंजिनाच्या धातूतून; टेपने ती तुटते. टेप काढायला सांगा.

निवांत:
माझा तर सेन्सरच आतून फुटलेला. कूलंट कनेक्टरमध्ये, पिना हिरव्यागार. फॅन सकाळी चावी फिरवल्यापासून चालू. वॉशर बदलून काय होणार, सेन्सरच बदलला.

घाटवेडा:
@निवांत अरे बापरे. काटा बरोबर दाखवत होता?

निवांत:
छे. पातळी सेन्सरच्या खाली गेली की त्याला कूलंट लागतच नाही, काटा खोटं बोलतो. बॉनेटमधून वाफ आल्यावर कळलं.

मनीमाऊची_आई:
विषयांतर, पण सांडलेलं कूलंट लगेच धुवा. चवीला गोड, मांजरं कुत्री चाटतात. इथिलीन ग्लायकॉल असतं, थोडंसंही किडनी निकामी करतं. आमच्या गल्लीतली पिवळी गेली त्यात.

कोल्हापुरी_रस्सा:
वाईट झालं 😔

अण्णा_निवृत्त:
आमच्या वेळी विहिरीचं पाणी घालायचो, काही होत नसे.

पाना_नं_१९:
अण्णा, त्या क्षारांनीच रेडिएटर चोंदायचे. आता डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं निम्मं.

अण्णा_निवृत्त:
चोंदायचे खरे. ॲसिडने धुवायचो.

सई_ठाणे:
टेप काढली, वॉशर घातला, काटा हलला!! आता भाऊ कूलंटमध्ये अडकलेली हवा काढायची म्हणतोय. झाकण उघडं ठेवून की लावून?

पाना_नं_१९:
थंड असतानाच झाकण उघडा, मग गाडी सुरू करा. हीटर फुल गरमवर. बुडबुडे थांबेपर्यंत कूलंट घालत राहा, मग झाकण लावा. उद्या सकाळी थंड इंजिनवर पातळी परत बघा.

सई_ठाणे:
बरं. पोळी करपली 🙈